मंगळवारपर्यंतचा पिवळा

बायकोचा स्वेटर निळा आहे, हे त्याला उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता कळलं. ती दारातून टॉवेल पुढे करत होती आणि तो तोंडात ब्रश तसाच धरून तिच्या बाहीकडे बघत राहिला. "हा नवीन घेतलास?" फेस सांभाळत त्याने विचारलं. "कोणता? हा? वीस वर्षं झाली याला. तुम्हीच आणला होतात." "तो तर कधीच विटला होता." "काही विटला नाहीये. लोकर चांगली आहे." त्याने उजवा डोळा तळव्याने झाकला. स्वेटर राखाडी झाला, किंचित हिरव्याकडे झुकणारा, म्हणजे रोजचाच. मग डावा झाकला, आणि बाहीतून निळा असा उसळून वर आला की त्याने बेसिनची कड धरली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. बायको टॉवेल धरून उभीच. "डॉक्टरांनी चोळू नका म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "चोळत नाहीये. तुला बघतोय." "मग पुसा तोंड आणि बघा," असं म्हणून ती गेली खरी, पण जाताना तिने बाही खाली ओढून नीट केलेली त्याने पाहिली.

दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात ही गंमत म्हणून खपून गेली असती. पण तो चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात रंग जुळवत होता. गिऱ्हाईक नमुना पाठवायचं. फरशीचा तुकडा, कापडाची चिंधी, एकदा तर कुणा म्हातारीने आपल्या जुन्या दाराचं ढलपं पाठवलं होतं. आणि त्याबरहुकूम रंग डब्यात उतरला की नाही हे उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं राहून तो सांगायचा. पास किंवा नापास. मधलं काही नाही. लोक त्याला तोंडावर काटासाहेब म्हणत, तराजूच्या काट्यासारखी नजर म्हणून. आणि पाठीमागे नुसतंच काटा, ते पायात मोडतो त्या अर्थाने. दोन्ही त्याला माहीत होतं आणि दोन्हींचा त्याला मनातून अभिमान होता. त्या सकाळी तोच काटासाहेब घरभर एक डोळा झाकून फिरला. बाथरूमच्या फरशा, पडदे, खिडकीतून दिसणारं समोरच्या इमारतीवरचं आकाश. आकाश बघून तर तो हसायलाच लागला, एकटाच. इतका सढळ हाताने कोण निळा ओततं! आणि मग स्वयंपाकघर. सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतः मिश्रण करवून आणलेला, स्वतः निवडलेला उबदार मलई रंग. उजव्या डोळ्याला ती भिंत निळसर, थंडगार, आजारी दिसली. "हे तर हॉस्पिटल आहे," तो पुटपुटला. "मी तेव्हा तेच म्हटलं होतं," बायको टोस्ट उलटत म्हणाली. "तुम्ही म्हणालात, माझ्यापुढे रंगाचं बोलू नकोस." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती, सहा वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केलेलं माणूस सांगेल तसं. त्याचं हसू तिथेच विरलं. सहा वर्षं, हा आकडा मनात कुठेतरी अडकला, आणि कशात अडकला ते कळल्यावर तो टोस्ट टाकून उठला आणि टेबलाच्या खालच्या खणात हात घालून त्याने रंगवलेले दोन लोखंडी पत्रे बाहेर काढले.

पोस्टकार्डाएवढे दोन पत्रे, दोन्ही आकाशी. एक गिऱ्हाइकाचा नमुना, एक कारखान्याचा माल. सहा वर्षांपूर्वी एका पाळणाघराच्या भिंतींसाठी केलेला तो रंग होता. वाद झाला तेव्हा पुरावा म्हणून त्याने ते घरी आणून ठेवले होते, आणि मग त्यांची कधी गरज पडली नव्हती. डाव्या डोळ्याने दोन्ही जुळ्या भावांसारखे. डावा झाकला. एक पत्रा स्वच्छ आकाशी होता. दुसऱ्यात जांभळा उतरला होता, लपूनछपून नाही, चांगला उघड, शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाने बोट ठेवून दाखवावं इतका. तो खुर्चीवर बसला. त्याला ती आठवली. कारखान्यात बाविसाव्या वर्षी आली ती मुलगी. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही म्हणून त्यानेच तिला नाव ठेवलं होतं, टीपकागद. अकरा वर्षं ती त्याच्या उजव्या हाताला उभी राहिली. आणि त्या दिवशी खिडकीपाशी, दहा माणसांसमोर, ती म्हणाली होती, "साहेब, यात जांभळा आहे. मशीनही तेच म्हणतंय." आणि तो म्हणाला होता, "आधी डोळे तपासून ये, मग मला रंग शिकव." सगळे हसले होते. तो हसला नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. माल गेला, महिन्याने परत आला, आणि अहवालात त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: तपासणी योग्य, मिश्रणात चूक. मिश्रण तिचं होतं. तिला पॅकिंगमध्ये टाकलं. दोन महिन्यांनी ती सोडून गेली, आणि जाताना निरोप घ्यायला आली तेव्हा त्याने फायलीतून मान वर केली नाही. हे सगळं त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण आजवर त्यात तो बरोबर होता.

दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला विचारलं, टीपकागदला कुठे शोधता येईल. बायकोने पुस्तकातून डोळेही वर केले नाहीत. "छापखान्यात आहे. फोटोंचे रंग दुरुस्त करते. आणि रविवारी वनस्पती उद्यानात लोकांना फोटो काढायला शिकवते. दर नवीन वर्षाला मला एक फोटो पाठवते." "तू तिच्याशी बोलतेस?" "बोलते की." "मला कधी बोलली नाहीस!" "तुम्ही विचारलंत कधी?" शुक्रवारी त्याने कारखान्याला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं, आणि उद्यानाच्या फोटोफेरीत दोन नावं नोंदवली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या मंगळवारी होतं. का कोण जाणे, त्याला वाटलं की हे त्याआधी व्हायला हवं.

रविवारी सकाळी ते दोघं उद्यानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा गवत ओलं होतं आणि हवेत पहिली गार धार आली होती. बायकोच्या पिशवीत कॉफीचा थर्मास, त्याच्या डोळ्यात घालायचे थेंब आणि दोघांचे छोटे कॅमेरे. त्याच्या डोक्यात एक वाक्य. ते त्याने बसमध्ये घासूनपुसून तयार केलं होतं: मी तुझ्यावर अन्याय केला आणि तो लेखी केला. पुढचं वाक्य सुचत नव्हतं. आठ-दहा माणसं जमली होती. फूटभर लांब लेन्स गळ्यात अडकवलेला एक दंतवैद्य, सारख्याच टोप्या घातलेल्या दोन वयस्क बहिणी, आणखी काही. आणि मधोमध ती. केस बरेच पिकलेले, गुडघ्यांवर मातीचे डाग पडलेली पँट. तिने यादीवरून नजर फिरवली, त्याच्यावर आणली, आणि क्षणभर तिथेच ठेवली. "नाव वाचलं होतं मी," ती म्हणाली. "वाटलं, दुसरं कुणी असेल." मग तिने बायकोला घट्ट मिठी मारली, आणि त्याच्याकडे वळून, जणू काल संध्याकाळीच कारखान्यातली पाळी संपवून घरी गेले होते तशी, सगळ्यांना म्हणाली, "पहिली दहा मिनिटं कॅमेरे पिशवीत. नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं! त्याला वाक्य बोलायचं होतं. तो तिच्या मागे मागे निघाला, ती एकटी सापडेल म्हणून, आणि पहिल्या वळणावरच त्याचा घात झाला. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना ओळीने झाडं होती, सगळी हिरवी, आणि त्यांतल्या एकाच झाडाच्या एकाच फांदीला बाकीच्यांच्या आधी शरद लागला होता. पिवळा. तो थबकला. पिवळा त्याला नवीन नव्हता. डाव्या डोळ्याने सगळं जगच वर्षानुवर्षं चहाच्या पाण्यात बुडवून दाखवलं होतं. पण हा पिवळा निळ्यावर ठेवलेला होता. पानाच्या कडेला आकाश लागत होतं आणि जिथे लागत होतं तिथे दोन्ही रंग थरथरत होते. त्याने डावा डोळा मिटला. उघडून उजवा मिटला. झाड विझलं. पुन्हा डावा मिटला. झाड पेटलं. विझव, पेटव, विझव, पेटव. लहानपणी खोलीतल्या दिव्याचं बटण असंच खटखट वाजवत बसल्याबद्दल त्याने आईचे धपाटे खाल्ले होते, ती खोली, त्या बटणाचा गुळगुळीत पितळी गोटा, आईच्या ओल्या हाताचा साबणाचा वास, सगळं त्याच्या अंगावर आलं. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण भयंकर खूश आहोत. माफी मागायला आलेल्या माणसाने इतकं खूश असू नये, हे त्याला कळत होतं. त्याने चेहरा पाडायचा प्रयत्न केला. पण पुढे ताटव्यात डेझीसारख्या फुलांचा जांभळट निळा थवाच होता, आणि चेहरा काही ऐकेना. एवढ्यात मागून टोपीवाल्या बहिणींपैकी धाकटी ठसक्यात म्हणाली, "हे गृहस्थ मला मघापासून डोळा मारतायत." "तुम्हाला नाही, झाडाला," बायको शांतपणे म्हणाली. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं मंगळवारी व्हायचंय. मलाही आठवडाभर मारतायत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." थोरली बहीण हसत सुटली. पुढे चाललेली टीपकागद मात्र वळली आणि हसली नाही.

"ऑपरेशन?" तिने विचारलं. "मोतीबिंदूचं?" त्याने मान हलवली. बाकीचे पुढे गेले, बायकोने त्या दोघी बहिणींना कॉफीच्या मिषाने काचघराकडे वळवलं, आणि ताटव्यापाशी ते दोघंच उरले. आता वाक्य. पण वाक्याऐवजी त्याने कोटाच्या खिशातून ते दोन पत्रे काढले आणि तिच्यापुढे धरले. तिने हातात घेतले नाहीत. बघायचीही तिला गरज नव्हती. "यात जांभळा आहे," तो म्हणाला. "आहे," ती म्हणाली. "मला दिसला नाही. डावा डोळा झाकला तर आता दिसतो. मी तुला डोळे तपासून ये म्हणालो होतो." "मी तपासून आले होते." त्याने पत्रे खाली घेतले. "तीनदा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातल्या कॅमेऱ्याचा पट्टा तिने बोटाभोवती गच्च गुंडाळला होता. "तीन वेगवेगळे डॉक्टर. तिघांनीही सांगितलं, उत्तम आहेत. तरी माझा विश्वास बसेना. बसमध्ये एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या बघत बसायचे. वर्षभर, साहेब. कपडे घेताना रंग दुकानदाराला विचारायचे. कारण तुम्ही म्हणाला होतात, आणि तुम्ही कधी चुकत नव्हतात." तीही अशीच फिरली होती तर. एक डोळा झाकून, याच शहरात, त्याच्या आधी सहा वर्षं, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत काही खोट नसताना. "माझं चुकलं," तो म्हणाला. "आणि मी ते तुझ्या नावावर लिहिलं. कारखान्याला पत्र टाकलंय परवा. जांभळा तू वेळेवर दाखवला होतास, चूक माझ्या डोळ्यात होती, असं स्वच्छ लिहिलंय. सही करून." तिने त्याच्याकडे पाहिलं. "उत्तर येणार नाही त्याचं." "नाही येणार." "तिथल्या मोठ्या साहेबांची आता म्हातारपणाने मान सारखी हो-हो हलते म्हणे. ते ज्याला त्याला पास करतात." आणि अचानक तिला हसू फुटलं, पूर्वी मिश्रणाच्या खोलीत फुटायचं तसं नाकातून. हसताना डोळे भरले होते ते तिने मनगटाने पुसले. "माफ केलं वगैरे मला आज म्हणता यायचं नाही," ती म्हणाली. "म्हणू नकोस," तो म्हणाला, आणि ते त्याला अगदी मनापासून म्हणायचं होतं.

मग बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, डाव्या डोळ्याकडे. खिडकीपाशी पत्रा धरून बघायची तशी, मान जराशी तिरकी. "तुम्हाला यातून नेमकं दिसतं काय?" तिने विचारलं. "पिवळट." "पिवळट म्हणजे? आम्ही पिवळट म्हटलं की डबा फेकायचात तुम्ही. किती पिवळट?" तो विचारात पडला. खरंच, किती? "मंगळवारी जाणार ना हा पिवळा?" ती म्हणाली. "मग पुन्हा कुणाला कळायचं नाही." ती ओल्या मातीत गुडघे टेकून बसली, त्या निळ्या फुलांचा एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा त्याच्यापुढे धरला. "उजवा झाका. फूल बघा, मग पडदा बघा. मी रंग हलवते. जुळलं की सांगा." त्याने उजवा झाकला. ताटवा विझला. पडद्यावरचंही फूल विझलेलंच दिसलं. "अशाने दोन्ही सारखेच दिसणार," तो म्हणाला. "तीच तर गंमत झाली होती माझी." ती म्हणाली, "बरोबर. मग फूल डाव्याने बघा, पडदा उजव्याने. आलटून पालटून." आणि तिने पिवळा चढवायला सुरुवात केली. तो डाव्याने फूल बघायचा, लक्षात धरायचा, उजव्याने पडदा. "अजून," तो म्हणाला. तिने चढवला. "अजून. भिऊ नकोस." डावा, उजवा. "आता उजेड जरा खाली घे. तपकिरी हवाय, एकच थेंब. हां. नाही, जास्त झाला, माघारी घे." तिची बोटं बटणांवर त्याच्या बोलण्याच्या आधीच हलत होती, पूर्वीही असंच व्हायचं, तो तोंड उघडायच्या आत तिचा चमचा डब्यात असायचा. आजूबाजूचं सगळं त्याला ऐकू येईनासं झालं. मान, खांदे, पोटऱ्या, सगळं शरीर एकाच कामाला लागलं होतं, आणि चार वर्षं निवृत्तीत सैलावलेलं काहीतरी आत ताठ उभं राहिलं. डावा. उजवा. डावा. "थांब," तो म्हणाला. त्याने आणखी तीनदा बघितलं. "पास."

तिने पडदा स्वतःकडे वळवला. कॅमेरा ताटव्याच्या बाजूला धरून ती फुलाकडे बघे, पुन्हा पडद्याकडे. "एवढं?" ती अखेर म्हणाली, हळूच. "साहेब, एवढं?" "एकदम नाही झालं. रोज रोज थोडं." "यात तर निळा उरलाच नाही. आणि यातून तुम्ही शेवटपर्यंत लाल, हिरवे, करडे जुळवत होतात? दरवाज्यांचे ते सगळे तपकिरी?" "ते बरोबर होते ना?" त्याने विचारलं, आणि आपल्या आवाजातली धाकधूक ऐकून तोच चपापला. परीक्षेचा निकाल विचारावा तसा आवाज. ती हसली. "ते बरोबर होते. तुमच्याइतके कुणालाच नाही जमले. म्हणून तर माझा स्वतःवर विश्वास बसेना." तिने फोटो जपून ठेवला, पुसला जाऊ नये म्हणून कुलूप लावायचं एक बटण असतं, ते दोनदा दाबलं. मग उठताना तिने हात पुढे केला, आणि त्याला वाटलं, हात मिळवायला. पण तिला ते दोन पत्रे हवे होते. तिने ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकले आणि चेन ओढली. "हे माझे," ती म्हणाली.

काचघराकडून सगळे परत आले होते. बायकोने पडदा बघायला मागितला, आणि टीपकागदने आणखी एक गंमत केली. तेच पिवळं मिश्रण तसंच ठेवून बायकोचा एक फोटो काढून तिला दाखवला. "यांना तुम्ही इतकी वर्षं अशा दिसत होतात." बायकोने चष्मा कपाळावर ढकलून निरखून पाहिलं. दोन्ही बहिणी वाकल्या, दंतवैद्यही वाकला. "अगंबाई," बायको म्हणाली. "चांगली दिसते की मी. सुरकुत्याबिरकुत्या काही नाहीत. अहो, मंगळवारचं रद्द करा." "नाही करायचं," तो म्हणाला. "का बरं?" त्याने तिच्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि चारचौघांत सांगता येईना म्हणून नुसताच लाल झाला. "बघा, बघा, रंग बघा," थोरली बहीण ओरडली, आणि सगळे खो खो हसले.

ऊन वर आलं होतं. पानं पिकलेल्या त्या फांदीखाली टीपकागदने सगळ्यांना उभं केलं आणि एकेकाचे फोटो तपासले. त्याच्यापाशी आली तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यात काहीच नव्हतं. "एकही नाही?" "विसरलो." "चालायचं नाही. आडवे व्हा." "काय?" "खालून घ्यायचा. पानांतून वर. आडवं झाल्याशिवाय येत नाही तो फोटो." तिच्या आवाजात काही निराळंच होतं, चौतीस वर्षांत त्याला कुणी असं फर्मावलं नव्हतं. "यांना वाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर," बायको म्हणाली. "आडवं व्हायचं नाही असं नाही म्हणाले," तो म्हणाला, आणि कोट न काढता ओल्या गवतात पाठ टेकून चक्क आडवा झाला. थंडी कॉलरमधून आत शिरली. वर पिवळं होतं, त्याच्या वर निळं होतं, मधून कुठलंसं पान सुटून गिरक्या घेत त्याच्याच नाकावर येत होतं. "डावीकडे सरका," टीपकागद म्हणाली. तो सरकला. "आणखी. माझी सावली पडतेय." तो आणखी सरकला. आता डोळा झाकायचा, त्याने ठरवलं. पण कुठला, हे ठरेना, आणि ठरेना म्हणून त्याला हसू यायला लागलं, ते थांबेना, पोट हलायला लागलं, पोटावरचा हात, हातातला कॅमेरा. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिला. "सगळे हलणार," दंतवैद्य कळकळीने म्हणाला. "हलू देत," टीपकागद म्हणाली. "उठता येणार आहे का यांना?" बायकोने विचारलं. "नाही येणार," त्याने खालूनच सांगितलं. तेव्हा एकीने उजवा हात धरला, एकीने डावा, आणि दोघींनी मिळून ओढायला सुरुवात केली. तो अर्धा वर आला, पुन्हा हसला, आणि पुन्हा खाली गेला.